विषय सापडला, प्रश्न कुठे आहे?

पीएच.डी.ला नाव घालायचं ठरलं की जो तो एकच विचारतो, "विषय काय घेतला?" घरचे विचारतात, स्टाफरूममध्ये विचारतात, विद्यापीठाच्या अर्जातही तोच रकाना असतो. मग उत्तर म्हणून एखाद्या लेखकाचं नाव पुढे येतं, नाहीतर एखादा तालुका, नाहीतर एखादी कला. 'अमुक यांचे कथासाहित्य : एक चिकित्सक अभ्यास'. 'तमुक जिल्ह्यातील बचत गट : विशेष संदर्भासह'. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध 'शोधगंगा' या ऑनलाइन संग्रहात ठेवलेले असतात. तिथले मराठी प्रबंध तासभर चाळून पाहा. शीर्षक झाकलं तरी प्रकरणं ओळखता येतील, असे कितीतरी सापडतील : लेखकाचं जीवन, कालखंडाची पार्श्वभूमी, आशय, अभिव्यक्ती, भाषाशैली, उपसंहार. चारशे पानं वाचून झाली तरी संशोधकाला नेमकं काय शोधायचं होतं याचा पत्ता लागत नाही. त्याच्याकडे विषय होता, प्रश्न नव्हता.

साहित्यसमीक्षा, डिझाइन किंवा सामाजिक शास्त्रं यांपैकी कशातही संशोधन करू पाहणाऱ्यांशी इथे बोलायचं आहे. या तिन्ही क्षेत्रांत पुरावा म्हणजे काय, हे आपोआप ठरत नाही. समीक्षक पानावरची ओळ दाखवतो. डिझाइनर घडवलेली वस्तू आणि तिचा वापर दाखवतो. समाजशास्त्रज्ञ माणसं, नोंदी आणि आकडे दाखवतो. आपल्या कामात यांतलं काय चालणार, हे पहिल्या सहा महिन्यांत ठरवलं नाही तर तिसऱ्या वर्षी हातात ढीगभर सामग्री असते आणि तिचं काय करायचं ते कळत नाही. मार्गदर्शकांच्या केबिनबाहेर बसलेले निम्मे विद्यार्थी याच अवस्थेत असतात.

हवेत बोलण्यापेक्षा एक वस्तू टेबलावर ठेवू. जुना दिवाळी अंक. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा मोजली जाते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या वाचनालयात पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे अंक मिळतात, त्यामुळे सरावासाठी याहून सोयीची वस्तू नाही.

समीक्षेचा विद्यार्थी अंक उघडतो आणि थेट कथेवर जातो. बरोबर आहे. पण कथा वाचून 'मानवी नात्यांचं सखोल दर्शन' असं लिहायचं असेल तर पीएच.डी.ची गरज नाही. तेवढं तर ब्लर्बवरही छापलेलं असतं. त्यापेक्षा हा प्रश्न बघा : दिवाळी अंकात आलेली कथा पुढे संग्रहात गेली तेव्हा तिच्यात काय बदललं? दोन्ही पाठ शेजारी ठेवा आणि ओळ न् ओळ ताडून पाहा. शब्द बदलले, परिच्छेद तोडले, शेवटचा उतारा गाळला, बोलीतला संवाद प्रमाण भाषेत आणला, प्रत्येक बदल टिपा. स्वल्पविरामसुद्धा. बरेचसे बदल मुद्रितशोधकाचे निघतील आणि ते बाजूला काढावे लागतील. उरलेल्या दहा-पंधरा जागांत लेखक स्वतःच्याच कथेकडे पुन्हा कसा पाहत होता, ते दिसू लागतं. इथे तुमचं विधान ओळीवर उभं असतं आणि परीक्षकाला पटलं नाही तर त्याला ओळीवरच भांडावं लागतं. समीक्षेत वस्तुनिष्ठता नसते म्हणणाऱ्यांनी हे काम एकदा करून पाहावं.

आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून टाकलेल्या कविता वाचायला दिल्या, त्यांच्याकडून लेखी प्रतिक्रिया घेतल्या आणि १९२९ मध्ये 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हे पुस्तक लिहिलं. चांगल्या शिकलेल्या मुलांनी केलेले गोंधळ त्यात वर्गवारीने मांडले आहेत. आपल्याकडे महाविद्यालयाच्या एका वर्गात हाच प्रयोग मराठी कवितांवर करता येईल. खर्च झेरॉक्सचा. त्यासाठी फक्त इतकं मान्य करावं लागतं की वाचक चुकतो तोही अभ्यासाचा ऐवज आहे.

डिझाइनचा विद्यार्थी तोच अंक उघडण्याआधी बंद ठेवून पाहतो. मुखपृष्ठ, आकार, कागद, रंग एकमेकांवर नीट बसलेत की सरकलेत. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे दोघेही मूळचे गोव्याचे. त्यांच्या चित्रांनी मराठी घरांतली दिवाळी कित्येक वर्षं रंगवली. दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचं 'दीपावली' सुरू केलं. चित्रकारच संपादक झाल्यावर अंकात चित्राची जागा बदलते का, हा प्रश्न साध्या फूटपट्टीने सुरू होऊ शकतो : पानावर चित्राला किती जागा, मजकुराला किती, शीर्षकाची अक्षरं कोणी काढली, जाहिराती कुठे बसवल्या. मूळ अंक हातात घेऊनच हे करायचं. स्कॅन केलेल्या प्रतीत प्रत्यक्ष आकार हरवतो, कागद हरवतो आणि रंगाची तर खात्रीच नसते.

इथे एक अडचण सांगून ठेवतो. बऱ्याच ग्रंथालयांत अंकांची बांधणी करताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकलेली असतात, कडाही कापलेल्या असतात. साहित्य तेवढं जपायचं, बाकी फापटपसारा, असा त्या काळचा हिशेब. म्हणजे मुखपृष्ठांवर संशोधन करायचं ठरवून नोंदणी केली आणि मग ग्रंथालयात मुखपृष्ठंच नाहीत, असं होऊ शकतं. विषय मंजूर करून घेण्यापूर्वी साधनं आहेत का ते डोळ्यांनी पाहून या. फोनवर "हो, आहेत ना" असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी अंक आहेत म्हणजे आहेत.

डिझाइनमधलं संशोधन म्हणजे डिझाइनच्या इतिहासाचा अभ्यास, एवढाच अर्थ आपल्याकडे घेतला जातो. ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ च्या एका निबंधात तीन प्रकार वेगळे केले : डिझाइनविषयीचं संशोधन, डिझाइन करता करता होणारं संशोधन आणि डिझाइनसाठीचं संशोधन. मधला प्रकार अवघड, कारण तिथे संशोधक स्वतः वस्तू घडवतो आणि घडवण्यातूनच उत्तर शोधतो. समजा, ज्येष्ठ वाचकांसाठी देवनागरी मजकूर-टंक करायचा आहे. २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ठरवून दिले. तरीही अनेक फॉंट हिंदी वळणाचीच रूपं आधी दाखवतात आणि मोबाइलवर वाचणाऱ्या आजोबांना तीच दिसतात. वाचताना त्यांना याने अडखळायला होतं का? की सवय झाली? उत्तर कोणालाही अंदाजाने देता येईल. संशोधन सुरू होतं ते दोन्ही रूपांतला तोच मजकूर छापून वाचकांसमोर ठेवल्यावर. त्यांनाही सांगायचं नाही की फरक कशात आहे.

आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात शिकवणारे र. कृ. जोशी कवी होते, सुलेखनकार होते आणि संगणकावरच्या 'मंगल' फॉंटचे कर्तेही होते. अक्षराचा विचार कवितेपासून तंत्रज्ञानापर्यंत एकच माणूस करू शकतो, याचं उदाहरण दूर शोधायला नको. पण प्रबंधात 'मी सुंदर अक्षर घडवलं' म्हणून भागत नाही. टाकून दिलेले आराखडे तारखेसह जपा. सातव्या मसुद्यात वेलांटी का उचलली, कोणाच्या सांगण्यावरून उचलली, उचलल्यावर काय बिघडलं, हे लिहिलेलं असलं पाहिजे. अंतिम वस्तू प्रदर्शनात शोभते. प्रबंध त्या टाकलेल्या मसुद्यांवर उभा राहतो.

सामाजिक शास्त्रांचा विद्यार्थी अंकातलं सगळ्यांत बारीक टायपातलं वाचतो : मुद्रक-प्रकाशकाची ओळ. १८६७ च्या छापखाना आणि पुस्तक नोंदणी कायद्याने प्रत्येक छापील गोष्टीवर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण घालणं बंधनकारक केलं होतं. पुढे अनुक्रमणिका : लेखक किती, त्यांत स्त्रिया किती, पुण्या-मुंबईबाहेरचे किती. मग जाहिराती : तेलं, साड्या, बँका, साखर कारखाने. पैसा कुठून आला ते जाहिरातीच सांगतात. मग वाचनालयाची दिवाळी अंक योजना : थोडक्या वर्गणीत सगळे अंक फिरवून वाचणारी कुटुंबं. म्हणजे विकल्या गेलेल्या प्रतींवरून वाचकसंख्या काढता येत नाही, ती निराळीच शोधावी लागते. १८६७ च्या त्याच कायद्यामुळे मुंबई इलाख्यात नोंदलेल्या पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या निघत. त्यांत पुस्तकाचं नाव, लेखक, मुद्रक, पानं, आवृत्ती, छापलेल्या प्रती आणि किंमत असे रकाने असत. एकोणिसाव्या शतकातलं एखादं पुस्तक 'अतिशय लोकप्रिय' होतं असं लिहिण्यापूर्वी त्या याद्यांत प्रतींचा आकडा पाहा. साहित्याचे विद्यार्थी हे करत नाहीत, कारण त्यांना कोणी सांगतच नाही.

आता विषयाचा प्रश्न कसा करायचा ते पाहू. 'दिवाळी अंकांतील स्त्रीप्रतिमा' हा विषय झाला. तो असा लिहून बघा : १९४५ ते १९६५ या काळात 'दीपावली'च्या मुखपृष्ठावरची स्त्री आणि त्याच अंकातल्या कथांमधली स्त्री यांच्यात अंतर पडत जातं का? हे एक वाक्य आहे, शेवटी प्रश्नचिन्ह आहे, काळ आणि साधनं ठरलेली आहेत. महत्त्वाचं म्हणजे याचं उत्तर 'नाही' असंही येऊ शकतं. ज्या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर शक्यच नाही तो प्रश्न नव्हे. 'संतसाहित्यातील मानवतावाद' शोधायला निघालेल्या कोणाला तो सापडला नाही, असं कधी ऐकलंय का?

प्रश्न ठरला की नोंदतक्ता करावा लागतो. मुखपृष्ठावरच्या स्त्रीचं वय, पेहराव, हातातली वस्तू, नजर कुठे, ती घरात आहे की बाहेर. कागदावर सोपं वाटतं. पहिल्याच अंकाला अडचण येते. ती तुळशीवृंदावनापाशी उभी आहे. अंगण घरात धरायचं की बाहेर? ओसरी? गच्ची? खिडकीतून बाहेर पाहणारी? आता नियम करावा लागेल आणि तो लिहून ठेवावा लागेल, नाहीतर मार्चमध्ये अंगण 'घर' असतं आणि ऑगस्टमध्ये 'बाहेर' होतं. म्हणून आधी तीनच अंकांवर तक्ता चालवून पाहायचा, मोडला तर दुरुस्त करायचा आणि मगच बाकीचे घ्यायचे. नंतर तोच तक्ता आणि तेच नियम देऊन दुसऱ्या एखाद्या व्यक्तीला काही अंक स्वतंत्रपणे नोंदवायला सांगा. तुमच्या दोघांच्या नोंदी किती जुळतात हे मोजण्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला 'कप्पा' हा गुणांक वापरतात. त्याची रीत संख्याशास्त्राच्या विभागातला कोणीही तासाभरात शिकवेल. आकडा कमी आला तर घाबरू नका. कुठे जुळत नाही ते पाहा, कारण बहुधा तिथेच काहीतरी दडलेलं असतं. अंगणावरून दोघांचं एकमत होत नसेल तर कदाचित त्या चित्रांनी स्त्रीला मुद्दामच उंबऱ्याच्या आसपास ठेवलंय. हे प्रकरणाचं बीज झालं, आणि ते तक्ता मोडला म्हणून हाती आलं.

कथांचं काय? वीस वर्षांच्या सगळ्या अंकांतल्या सगळ्या कथा वाचायच्या की निवडक? दोन्ही चालतं. निवडणार असाल तर निवडीचा नियम वाचण्याआधी ठरवा. वाचून झाल्यावर सोयीच्या कथा उचलणं याला नमुनानिवड म्हणत नाहीत.

साधनांबद्दल थोडं. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. नियतकालिकांसाठी तिथे दिवसच्या दिवस काढावे लागतात. शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' १८०० ते १९३७ आणि पुढे १९५० पर्यंतच्या पुस्तकांची आहे. एकट्या माणसाच्या ध्यासातून उभी राहिलेली ही सूची ग्रंथालयात बसून निदान एकदा उलटी-सुलटी चाळावी. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ पुस्तकं आणि नियतकालिकं डिजिटल करून ठेवली आहेत. शासकीय कागदांसाठी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुरालेखागार आहे. ऑनलाइन शोधताना एक सावधगिरी हवी : जुन्या छपाईतली जोडाक्षरं यंत्राला नीट वाचता येत नाहीत. शोधखिडकीत शब्द टाकला आणि काही आलं नाही, याचा अर्थ ते तिथे नाही असा होत नाही. चॅटबॉटने सुचवलेला संदर्भ तर मूळ पान पाहिल्याशिवाय सूचीत घालूच नका. तो ऐटीत नसलेली पुस्तकंही सुचवतो, वर्ष आणि प्रकाशकासकट.

माणसांकडे जायचं असेल तर वेगळी तयारी लागते. समजा, खिळ्यांच्या काळातल्या निवृत्त कंपॉझिटरला भेटायचंय. 'मुद्रणव्यवसायातील कामगारांचे सामाजिक स्थान याविषयी आपले मत काय?' असं विचारलंत तर ते तुम्हाला तुमच्याच भाषेत उत्तर देतील, कारण त्यांना वाटेल की तुम्हाला तेच हवंय. "काका, दिवाळी अंकाच्या दिवसांत रात्रपाळी कधीपासून लागायची?" असं विचारा. केसमध्ये कुठला खिळा कुठल्या खणात होता ते हातानेच दाखवायला सांगा. हात आठवतात. कोणत्या लेखकाचं अक्षर लागत नसे, हे विचारलं की ते खुलतात. पगार, युनियन, जात या गोष्टी त्यामागून येतात, आल्या तर. प्रश्नावलीचा कागद समोर धरून बसू नका. प्रश्न पाठ असू द्या. ध्वनिमुद्रण करण्याआधी विचारा, नाव छापायचं का ते विचारा आणि 'नको' म्हणाले तर विषय तिथेच संपला. संमतिपत्र मराठीत, मोठ्या टायपात आणि एका पानाचं असावं. विद्यापीठाच्या नैतिकता समितीसाठी म्हणून इंग्रजीत पाच पानी मसुदा देणं आणि त्यावर अंगठा घेणं ही संमती नव्हे.

मुलाखतीतलं म्हणणं जसंच्या तसं सत्य धरायचं नाही आणि खोटंही धरायचं नाही. जॅनिस रॅडवे यांनी अमेरिकेतल्या एका गावात प्रणयकादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रियांशी बोलून 'रीडिंग द रोमान्स' हे पुस्तक १९८४ मध्ये लिहिलं. समीक्षक म्हणून त्या कादंबऱ्यांचा अर्थ लावायला गेल्या होत्या. बायका मात्र पुस्तकातल्या गोष्टीइतकंच वाचनाच्या वेळेबद्दल बोलत होत्या : पुस्तक उघडलं की तेवढा वेळ घरातलं कोणी काही मागत नाही. पाठाचा अर्थ आणि वाचण्याच्या कृतीचा अर्थ, दोन्ही वेगळे निघाले. समीक्षेने आणि समाजशास्त्राने एकमेकांचं काम कसं पुढे न्यावं, हे शिकायला मला याहून चांगलं पुस्तक माहीत नाही. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या ओव्या जमवल्या गेल्या. हजाराहून जास्त गावं, लाखाहून जास्त ओव्या. त्या संग्रहाचं मोठेपण आकड्यापेक्षा नोंदीत आहे : ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव येतं. 'लोकसाहित्य' म्हणून निनावी करून टाकलेल्या गोष्टीला तिची माणसं परत मिळाली. तुम्ही काहीही गोळा करा, ओव्या, रांगोळ्या, दुकानांच्या पाट्या. कोणी, कुठे, कधी हे तीन रकाने रिकामे ठेवू नका.

मग येते ती 'सैद्धांतिक चौकट'. पहिलं प्रकरण फुको, बोर्दिए आणि बार्थ यांच्या गोषवाऱ्याने भरायचं आणि दुसऱ्या प्रकरणापासून त्यांची नावंही काढायची नाहीत, अशी एक रीतच पडली आहे. नियम साधा ठेवा : जी संकल्पना पुढच्या प्रकरणांत किमान दोनदा प्रत्यक्ष कामाला येणार नाही, तिला पहिल्या प्रकरणात जागा नाही. दुसरी खोड याहून जुनी आहे. मराठी पुस्तकं हा कच्चा माल आणि इंग्रजीतली थिअरी ही गिरणी, असं मनात धरून काम केलं जातं. मर्ढेकरांचा लयविचार, रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा', शरद पाटलांचं अब्राह्मणी सौंदर्यशास्त्र, शरणकुमार लिंबाळे यांची दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्राची मांडणी, नेमाड्यांचं 'टीकास्वयंवर' : ही सिद्धांताचीच पुस्तकं आहेत आणि एकमेकांशी कडाकडा भांडणारी आहेत. त्यांच्याशी वाद घाला. आदरांजली वाहू नका.

मार्गदर्शकांशीही वाद होऊ शकतो, व्हावा. इरावती कर्वे १९२७ च्या सुमारास बर्लिनला गेल्या तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पना उचलून धरणारे मानवशास्त्रज्ञ. कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा वंशाशी संबंध असावा, या गृहीतकावर इरावतीबाईंना काम दिलं गेलं. त्यांनी कवट्या मोजल्या, तसा संबंध दिसला नाही, आणि प्रबंधात तसंच लिहिलं. परक्या देशात, भारतातून आलेल्या विशीतल्या तरुणीने. तुमच्या मार्गदर्शकांचं एखादं आवडतं मत तुमच्या तक्त्यात टिकत नसेल तर निदान तक्ता घेऊन त्यांच्यासमोर बसता आलं पाहिजे. मताला मताने उत्तर दिलंत तर तुम्ही हरणार, आणि ते रास्तही आहे.

टिपणांच्या बाबतीत मी फार कडक आहे. एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये कर्नाटकातल्या एका गावात राहून क्षेत्रकार्य केलं. त्या टिपणांवरून बरीच वर्षं खपून तयार केलेल्या सामग्रीच्या तिन्ही प्रती एप्रिल १९७० मध्ये स्टॅनफर्ड इथल्या त्यांच्या अभ्यासकक्षात होत्या. जाळपोळ झाली आणि तिन्ही गेल्या. पुढे त्यांनी बहुतांशी स्मरणातून 'द रिमेंबर्ड व्हिलेज' लिहिलं, ते १९७६ मध्ये आलं आणि अभिजात ठरलं. पण तुम्ही-आम्ही श्रीनिवास नाही. एक प्रत लॅपटॉपवर, एक क्लाउडवर, एक घराबाहेर दुसऱ्या कोणाकडे हार्डडिस्कवर. ग्रंथालयात मोबाइलने काढलेल्या फोटोंना त्याच संध्याकाळी नावं द्या : नियतकालिक, वर्ष, महिना, पान. आठ महिन्यांनी 'आयएमजी ४०७२' हा कुठल्या अंकाचा फोटो, ते देवालाही सांगता येणार नाही.

नियमांची बाजू थोडक्यात, कारण ती परिपत्रकांत मिळते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, कोर्सवर्क धरून. पुनर्नोंदणीने आणखी दोन. महिला आणि चाळीस टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना याखेरीज आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. महिलांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. ती हक्काची आहे, मागताना संकोच नको. कोर्सवर्क किमान बारा श्रेयांकांचं. एम.फिल. बंद झालं. शिष्यवृत्तीसाठी जेआरएफबरोबरच बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. पैसे उशिरा येतात असं धरून घरखर्चाचा हिशेब करा. वाङ्मयचौर्याबाबत २०१८ चे नियम आहेत : दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, साठ टक्क्यांच्या पुढे नोंदणीच रद्द. टक्केवारी खाली आणण्यासाठी दुसऱ्याची वाक्यं शब्द फिरवून लिहिण्याचा उद्योग सर्रास चालतो. यंत्र फसतं. ज्याचं पुस्तक उचललं तोच बाहेरचा परीक्षक म्हणून आला तर तो फसत नाही, आणि मराठीचं जग लहान आहे.

लिहायला शेवटच्या वर्षाची वाट पाहू नका. तक्ता पूर्ण झाला, पहिल्या पाच मुलाखती झाल्या की वीस पानांचं एक प्रकरण लिहून टाका, सदोष असलं तरी. आपल्याला काय माहीत नाही ते लिहितानाच कळतं. 'प्रस्तुत संशोधकाच्या मते' असं स्वतःला संबोधू नका; 'मला असं दिसलं' म्हणा किंवा सरळ विधान करा. परिभाषा कोशातला शब्द कोणाला कळत नसेल आणि 'डिझाइन', 'फॉंट', 'डेटा' हे शब्द सगळ्यांना कळत असतील तर तेच वापरा. आणि ज्या कथांनी तुमच्या मांडणीला दाद दिली नाही त्या तळटीपेत लपवू नका. त्यांच्यासाठी एक स्वतंत्र भाग ठेवा. मौखिकीत परीक्षक नेमकं त्यांच्यावरच बोट ठेवतात, तेव्हा उत्तर प्रबंधातच असलेलं बरं.

राहता राहिला छापण्याचा प्रश्न. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापलेला असलाच पाहिजे ही देशपातळीवरची अट २०२२ पासून गेली. तुमच्या विद्यापीठाने ती ठेवली आहे का, ते मात्र विचारून घ्या. २०१८ पासून चाललेली 'यूजीसी-केअर' ही नियतकालिकांची यादीही २०२५ च्या सुरुवातीला बंद झाली, त्यामुळे आता नियतकालिक आपणच पारखून घ्यायचं. सोपी कसोटी अशी : तुमच्या प्रश्नावर ज्यांचं लेखन तुम्ही संदर्भ म्हणून घेतलंत, ती माणसं कुठे छापतात? वाईचं 'नवभारत', 'समाज प्रबोधन पत्रिका', 'भाषा आणि जीवन', 'अनुष्टुभ्' यांचे मागचे अंक चाळा आणि तुमचा लेख कुठे शोभेल ते ठरवा. संपादकांचं उत्तर यायला महिने लागतात, दुरुस्त्या येतात, कधी लेख परतही येतो. दरम्यान तुमच्या ईमेलवर 'आदरणीय संशोधक' असं संबोधून, ठरावीक रक्कम भरल्यास आठवड्यात छापून प्रमाणपत्रासह देण्याचे प्रस्ताव येऊ लागतील. ते न उघडता पुसून टाका.